कानामागे 5 मिलिमीटर

माझा उजवा कान लहानपणापासून वाहायचा. सर्दी झाली की वाहणार, डोक्यावरून पाणी घेतलं की वाहणार, आणि काहीच झालं नाही तरी अधूनमधून वाहणारच. पुढे त्यात कोलेस्टिआटोमा निघाला. यात पडद्याची कातडी आत वाढत जाते आणि आजूबाजूचं हाड कुरतडत राहते. मास्टॉइडचं, म्हणजे कानामागच्या हाडाचं, मोठं ऑपरेशन झालं, आजार गेला. पण मधल्या कानातली हाडांची साखळीही त्यात गेली, आणि कानात एक उघडी पोकळी उरली.

नेहमीचं कानाचं मशीन या कानाला कधी मानवलंच नाही. मशीनच्या मोल्डने, म्हणजे कानात बसणाऱ्या साच्याने, कान बंद होतो, पोकळीला हवा लागत नाही, आत ओल राहते आणि पुन्हा पू सुरू. मग मशीन काढा, थेंब घाला, कान सुकला की परत लावा. डावा कान त्यातल्या त्यात बरा, पण त्याच्याही पडद्याला भोक आहे. माझं काम हिशेबाचं. कुणी आकडा सांगितला की तो ‘सात’ होता की ‘साठ’, हे मला समोरच्याच्या ओठांकडे बघून ठरवावं लागायचं. समोरच्याने मान खाली घातली की मी अडले.

हाडात बसवायच्या इम्प्लांटचं पहिल्यांदा सांगितलं ते माझ्या ऑडिओलॉजिस्टनी, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञांनी. ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, पुढ्यात ठेवून त्यांनी दोन रेषांवर बोट ठेवलं. एक रेष हवेतून येणाऱ्या आवाजाची, ती खाली, 70 डेसिबलच्या आसपास. दुसरी हाडातून पोचणाऱ्या आवाजाची, ती बरीच वर, 30च्या जवळ. “तुमचा आतला कान, म्हणजे कॉक्लिया, बऱ्यापैकी शाबूत आहे. वाटेतला पूल मोडलाय,” ते म्हणाले. “या दोन रेषांमधलं अंतर 30 डेसिबलच्या पुढे गेलं की साधं मशीन कितीही मोठं केलं तरी धापा टाकतं. त्यापेक्षा पूल सोडून हाडावरून जाऊ.”

आवाज म्हणजे शेवटी कंप. तो कानाच्या नळीतून, पडद्यावरून, हाडांच्या साखळीतून कॉक्लियात गेला काय किंवा कवटीच्या हाडातून थेट गेला काय, आत हलणारं पाणी तेच. कानामागच्या हाडात टायटॅनियमचा छोटा स्क्रू बसवतात. त्यावर एक खुंटी असते, तिला अबटमेंट म्हणतात, ती कातडीतून बाहेर येते. तिच्यावर प्रोसेसर, म्हणजे माइकने आवाज घेणारं छोटं मशीन, खटकन बसतो आणि कवटीला कंप देतो. कानाची नळी पूर्ण मोकळी राहते, आणि माझ्यासारखीला यातली ही शेवटची गोष्ट सगळ्यात मोठी होती.

ऑपरेशनचं बोलण्याआधी सॉफ्टबँडवर चाचणी झाली. इलॅस्टिकच्या पट्ट्यावर प्रोसेसर अडकवतात आणि तो पट्टा डोक्याला बांधून घरी वापरायला देतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे की ही चाचणी कुणीही घाईने उरकू नये. दवाखान्याच्या शांत खोलीत सगळंच छान ऐकू येतं. मी पट्टा बांधून कामावर गेले, बाजारात गेले, पाहुण्यांच्या गलक्यात बसले. जेवताना मुलगी मागून म्हणाली, “आई, पंखा कमी करू?” आणि मी मागे न वळता ‘हो’ म्हटलं. ती पुढे येऊन माझ्या तोंडाकडे बघतच राहिली.

तरी पट्ट्यावरचा आवाज दबका होता, दाराला घोंगडी टांगून पलीकडचं बोलणं ऐकावं तसा. केस आणि कातडी मधे असली की कंप मुरतात. वरच्या पट्टीतले आवाज सर्वात जास्त मरतात, साधारण 10 ते 15 डेसिबलनी, आणि स, श, फ, थ ही अक्षरं नेमकी त्याच पट्टीत राहतात. थेट हाडात बसवल्यावर ही घोंगडी निघेल असं ऑडिओलॉजिस्टनी सांगितलं होतं. पट्ट्यावर जे ऐकू आलं ती किमान पातळी समजायची.

कातडीच्या आत पूर्ण झाकून ठेवायचे इम्प्लांटही आता मिळतात. बाहेरचा भाग लोहचुंबकाने चिकटतो, कातडीतून काहीच बाहेर येत नाही, रोजची निगा कमी. मीही आधी तिकडेच झुकले होते. पण माझ्या सर्जननी एक मुद्दा काढला जो माझ्या डोक्यात आलाच नव्हता. कोलेस्टिआटोमा पुन्हा उगवतो का, हे पाहायला मला पुढेमागे कानाचा एमआरआय लागणार. आत चुंबक असेल तर त्याच्याभोवतीचा भाग चित्रात काळा पडतो, आणि तो नेमका त्याच कानाजवळचा. टायटॅनियमच्या स्क्रूला ही अडचण फार थोडी, प्रोसेसर काढून ठेवला की स्कॅन करता येतो. माझा निर्णय तिथेच झाला. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत तो उलटा होईल, आणि तोही बरोबरच असेल.

टायटॅनियम हाडात रुजतं, ही गोष्ट स्वीडनचे संशोधक पेर-इंगवार ब्रानेमार्क यांना 1950च्या दशकात सशांच्या हाडांवर काम करताना लक्षात आली. निरीक्षणासाठी बसवलेली टायटॅनियमची उपकरणं नंतर हाडातून निघेनात, हाडच त्यांना धरून बसलं होतं. त्यातून 1965 साली माणसाच्या जबड्यात दातांचे इम्प्लांट आले, आणि 1977मध्ये स्वीडनमध्येच गोथेनबर्गला डॉक्टर अँडर्स शेलस्ट्रोम यांनी ऐकण्यासाठी तसेच इम्प्लांट पहिल्या रुग्णांच्या कानामागे बसवले. म्हणजे माझ्या डोक्यात जे बसणार होतं त्यामागे जवळपास अर्ध्या शतकाचा अनुभव होता. हे समजल्यावर मला खूप आधार वाटला.

स्क्रूची कल्पना तीच राहिली, कातडीशी वागण्याची पद्धत मात्र पार बदलली. पूर्वी खुंटीभोवतीची कातडी खरवडून पातळ करत, खालची चरबी काढून टाकत, केसांची मुळंही काढत. कातडी जितकी पातळ आणि स्थिर तितका जंतुसंसर्ग कमी, असा समज होता. रुग्णाच्या कानामागे कायमचा टकलाचा गोल राहायचा, तो भाग बधिर व्हायचा, जखम भरायला वेळ लागायचा. 2010च्या सुमाराला सर्जन लोकांनी कातडी जशीच्या तशी ठेवून फक्त सरळ छेद द्यायला सुरुवात केली आणि लांब खुंट्या वापरू लागले. त्याच्या पुढची पायरी म्हणजे छेदच नाही. 5 मिलिमीटर व्यासाच्या गोल पंचने कातडीला भोक पाडायचं आणि त्यातूनच सगळं काम करायचं. टाके नाहीत.

माझं ऑपरेशन या पंचच्या पद्धतीने झालं. आधीच्या भेटीत मी सर्जनना सरळ विचारलं होतं, “यात तोटा काय?” त्यांनी टाळाटाळ केली नाही. म्हणाल्या, “छेद दिला की मला हाड डोळ्यांनी दिसतं. इथे मी नळीतून काम करणार. हाडाचा पृष्ठभाग सपाट आहे की नाही हे मला बोटाने आणि सुईने आधी चाचपून ठरवावं लागेल. आणि ड्रिलला थंड ठेवायचं पाणी त्या अरुंद नळीतून तळापर्यंत पोचायला हवं.” हाड फार तापून चालत नाही. 47 अंशांच्या वर मिनिटभर राहिलं तरी हाडाच्या पेशी मरू लागतात, आणि मेलेल्या हाडात स्क्रू रुजत नाही. नेदरलँड्समधल्या रुग्णालयांनी पंचची पद्धत आणि सरळ छेदाची पद्धत यांची तुलना करून 2018 साली निष्कर्ष छापले, तेही त्यांनीच सांगितले. पंचमध्ये वेळ कमी लागला, बधिरपणा कमी, दिसायला जास्त चांगलं. कातडी लाल होण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच. आणि स्क्रू निसटण्याचं प्रमाण पंचमध्ये थोडं जास्त दिसलं, पण तो फरक ठामपणे काही म्हणावं इतका मोठा नव्हता. ज्या डॉक्टर न विचारता हे शेवटचं वाक्य सांगतात त्यांच्या हातात डोकं द्यायला हरकत नाही, असं मला त्या दिवशी वाटलं आणि आजही वाटतं.

ऑपरेशन जागेपणी, फक्त जागा बधिर करून. आधी जागा ठरवायची होती. प्रोसेसरचा खोटा नमुना कानामागे धरून पाहिला, तो कानाच्या पाळीला टेकू नये, टेकला तर शिट्टी वाजते. मी चष्मा लावून दाखवला, त्याची काडी कुठून जाते ते पाहिलं. कानाच्या नळीपासून 5 ते साडेपाच सेंटिमीटर मागे-वर शाईने खूण केली. केस काढले ते नखाएवढ्या जागेतले, बाकीचे चिकटपट्टीने बाजूला दाबून ठेवले. मग भुलीचं इंजेक्शन देण्याआधीच एक बारीक सुई हाडाला टेकेपर्यंत आत घालून कातडीची जाडी मोजली. भुलीच्या औषधाने कातडी फुगते आणि माप चुकतं, म्हणून आधी. त्या मापावरून खुंटीची लांबी ठरते. या खुंट्या साधारण 6 पासून 14 मिलिमीटरपर्यंत येतात, मला 9ची लागली.

इंजेक्शन झोंबलं. पूर्ण प्रकरणात दुखलं ते तेवढंच.

पंच फिरवल्याचं फक्त दाबासारखं कळलं. त्या भोकात नळी बसली आणि सर्जन म्हणाल्या, “आता आवाज येईल, मान हलवायची नाही.” ज्या कानाने मला दाराची घंटा ऐकू येत नव्हती त्या कानात ड्रिल इतकं स्वच्छ वाजलं की मी चमकले. ते कानाने ऐकणं नव्हतंच, थेट कवटीतून दोन्ही कॉक्लियांपर्यंत जात होतं. खोल घरघर, वर गेली की पातळ, खाली आली की जाड. सर्जन ड्रिल सतत वर-खाली करत होत्या, म्हणजे पाणी तळाशी जाईल आणि हाडाचा भुगा वर येईल. कोमट झालेलं पाणी मानेवरून ओघळत होतं, सिस्टर ते टिपत होत्या. आधी 3 मिलिमीटर खोल. मग ड्रिल थांबलं, बोथट टोकाच्या सळीने तळ चाचपला. खाली अजून हाड आहे की मेंदूवरचं आवरण लागलं, हे बघायचं असतं. हाड होतं, म्हणून पुढे 4 मिलिमीटर. मग भोक रुंद करायचं ड्रिल, त्याचा सूर वेगळा. भीती वाटली का? वाटली. पण दर टप्प्याला त्या पुढे काय होणार ते सांगत होत्या, आणि एवढं धीराचं बोलणं कानात पडत असलं की माणूस निवांत पडून राहू शकतं.

स्क्रू खुंटीसकट एकाच वेळी बसतो. यंत्र तो हळूहळू फिरवत नेतं आणि ठरवलेला जोर आला की आपोआप थांबतं. माझा 40 न्यूटन-सेंटिमीटरच्या पुढे गेला तेव्हा सर्जन “मस्त हाड आहे” म्हणाल्या, आणि मला उगाचच अभिमान वाटला. मग खुंटीभोवती मलम लावलेली जाळीदार पट्टी गुंडाळली आणि वर प्लॅस्टिकची टोपी बसवली. खरं काम पाऊण तासाच्या आतच आटोपलं. बहुतेक वेळ जागा ठरवण्यात आणि भुलीचा परिणाम होईपर्यंत थांबण्यात गेला. त्याच संध्याकाळी घरी.

पहिले काही दिवस डोकं जड होतं, साध्या गोळीने भागलं. उजव्या कुशीवर झोपता येत नव्हतं. टोपी आणि पट्टी निघेपर्यंत त्या जागेला पाणी लागू द्यायचं नव्हतं. पट्टी काढली त्या दिवशी सिस्टरनी मोबाइलवर फोटो काढून दाखवला. कानामागे केसांमधून वर आलेली चकचकीत खुंटी, भोवती गुलाबी कडा, बस. बधिरपणा खुंटीभोवती अगदी थोडा होता, काही आठवड्यांत तोही गेला. माझ्या मास्टॉइडच्या ऑपरेशननंतर अख्खी पाळी कित्येक महिने बधिर होती, त्यामुळे हा फरक मला फारच जाणवला.

त्यापुढचं काम हाडाचं. पूर्वी प्रोसेसर बसवायला तीन-तीन महिने थांबत. आता रुंद स्क्रू आणि खरखरीत केलेला पृष्ठभाग यांमुळे चांगल्या हाडात काही आठवड्यांतच परवानगी मिळते. लहान मुलांत, किरणोपचार घेतलेल्या हाडात, काही आजारांत जास्त थांबावं लागतं. खूप लहान मुलांच्या कवटीचं हाड पातळ असतं. अमेरिकेत वयाची 5 वर्षं पूर्ण झाल्याशिवाय हा स्क्रू बसवायला मान्यता नाही. कानाची नळीच न बनलेली बाळं तोपर्यंत सॉफ्टबँडवर ऐकतात, भाषाही शिकतात. अशा आईवडिलांना मी एवढंच सांगेन की ऑपरेशन पुढे ढकललंय म्हणून ऐकणं पुढे ढकलू नका, पट्टा आजच सुरू करा.

प्रोसेसर सुरू केला तेव्हा ऑडिओलॉजिस्टनी आधी खुंटीवरूनच ऐकण्याची चाचणी घेतली आणि त्यावरून आवाज बसवला. पहिलं वाक्य ते माझ्याकडे पाठ करून बोलले, “सात, साठ, साथ.” तिन्ही वेगळे ऐकू आले. मी ते म्हणून दाखवले आणि मला रडू आलं.

घोंगडी गेली होती. पण सगळं गोड होतं असंही नाही. कागद उलटला तरी करकर, नळाचं पाणी कर्कश, केसांवरून हात फिरवला की खरखर. स्वतःचा आवाज डोक्यात घुमायचा. टोपी, शाल, उशी, मिठी मारणारं माणूस, काहीही जवळ आलं की शिट्टी. वारा सुटला की नुसता घोंघाट. फोन कानाला लावून उपयोग नाही, प्रोसेसरच्या माइकजवळ, थोडा वर-मागे धरायचा, आणि हात आपोआप तिकडे जायला बरेच दिवस लागले. वरच्या पट्टीतला आवाज दोन टप्प्यांत वाढवला, तेव्हा कुठे मेंदू निवला.

कातडीची निगा ही कायमची गोष्ट आहे. रोज अंघोळीला साबणाचं पाणी आणि मऊ ब्रशने खुंटीभोवती फिरवायचं, सुटलेली खपली आणि गुंतलेले केस काढायचे, कोरडं करायचं. हे माहीत असूनही आणि सगळं नीट करूनही, दोनेक महिन्यांनी तिथली कडा लाल झाली आणि ओलसर वाटू लागली. यासाठी डॉक्टरांची होल्गर्स नावाची श्रेणी असते. 0 म्हणजे काही नाही, 1 म्हणजे लाली, 2 म्हणजे लालीबरोबर ओल आणि थोडी सूज, 3 म्हणजे लाल मांस वाढणं, 4 म्हणजे खुंटी काढावी लागेल इतका संसर्ग. माझी 2 निघाली. अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड एकत्र असलेलं मलम, काही दिवस पट्टी, प्रोसेसर रोज थोडाच वेळ. बरं झालं. छेद लहान असो की मोठा, कातडीतून बाहेर येणारी वस्तू कातडीला अधूनमधून खटकणार, हे या वाटेने येणाऱ्या प्रत्येकाने आधीच मनाशी धरावं. लाली दिसली की दोन दिवस वाट बघू असं न म्हणता फोटो पाठवावा.

एक गोष्ट मात्र यात मिळत नाही, दिशा. कवटी कुठूनही हलवली तरी कंप दोन्ही कॉक्लियांपर्यंत जवळजवळ सारखेच जातात, त्यामुळे एकाच बाजूला प्रोसेसर असला की आवाज कुठून आला ते ओळखणं अवघड. एक कान पूर्ण गेलेल्या लोकांना याच गुणाचा फायदा होतो. बहिऱ्या बाजूचा आवाज हाडातून चांगल्या कानाकडे जातो, शेजारी बसलेल्याचं बोलणं हुकत नाही. दिशा मात्र त्यांनाही मिळत नाही. रस्ता ओलांडताना मी आजही आधी डोळे वापरते, गाडीच्या हॉर्नवर विसंबत नाही. गर्दीत चारजण एकदम बोलू लागले की अजूनही दमछाक होते.

उजवा कान मात्र सुकला आहे. मोल्ड नाही, थेंब नाहीत, वास नाही. कपाशीचा बोळा घालून मी डोकं धुते आणि दिवसभर ऐकते. वार्षिक तपासणीत पोकळी स्वच्छ करतात, खुंटीचा स्क्रू हाताने घट्ट करून बघतात, आणि एमआरआयवेळी दाखवायचं इम्प्लांटचं कार्ड पाकिटात आहे ना, तेही विचारतात.

आता डाव्या बाजूचा विचार सुरू आहे. दोन्हीकडे इम्प्लांट असले तर दिशा थोडीफार परत येते आणि गोंगाटात फायदा होतो, दोन्ही कॉक्लिया सारख्या असतील तर. माझ्या डाव्या कानाचं हाडातून ऐकणं उजव्यापेक्षा किंचित चांगलं आहे, त्यामुळे पात्रता आहे. सर्जन म्हणतात घाई नाही. सध्या पुन्हा सॉफ्टबँड आणलाय, उजवीकडे खुंटीवरचा प्रोसेसर आणि डावीकडे पट्ट्यावरचा, असं लावून मी कामावर जाते, आणि कुणी कुठून हाक मारली हे वहीत लिहून ठेवते. पुढच्या भेटीत ती वही ऑडिओलॉजिस्टना दाखवायची आहे.